अरुंधतीदर्शन आणि काळोखी रात्र

गेल्या वैशाखात आपल्या मंदिराच्या प्रांगणात एक विवाह झाला. सप्तपदी झाली, रात्रीचे साडेआठ वाजून गेले, आणि गुरुजी वधूवरांस घेऊन उत्तरेकडील पायऱ्यांवर आले. परंपरेप्रमाणे त्यांनी वधूस ध्रुवाकडे व अरुंधतीकडे पाहण्यास सांगितले. मुलीने मान वर केली. आकाश तांबूस-पांढरे, दुधाळ काचेसारखे होते. क्षितिजावर कारखान्यांच्या धुराड्यांवरील ज्योती जळत होत्या. मुलगी हळूच म्हणाली, "गुरुजी, काहीच दिसत नाही हो." गुरुजी क्षणभर थांबले आणि म्हणाले, "मनाने पाहा, बाळ. आहे तेथेच आहे ती." मंत्र म्हटला गेला, अक्षता पडल्या, विधी पुरा झाला.

गुरुजींचे उत्तर प्रसंगास साजेसे होते, यात संशय नाही. तथापि घरी परतल्यावर मनात प्रश्न उरला. ज्या विधीचे नावच 'दर्शन' आहे, तो न पाहताच पुरा करावा लागतो, हे कसे झाले? अरुंधती खरोखर कोठे असते, ती आपल्याला का दिसत नाही, आणि दिसावी म्हणून काही करता येईल काय, याचा विचार प्रस्तुत पाठात करावयाचा आहे.

अरुंधती कोठे असते?

उत्तर आकाशात सात ठळक ताऱ्यांचा जो पतंगासारखा आकार दिसतो, ते सप्तर्षी. चौकोनाचे चार तारे क्रतु, पुलह, पुलस्त्य व अत्रि. शेपटीचे तीन तारे अंगिरस, वसिष्ठ व मरीचि. पुलहापासून क्रतूकडे रेषा काढून ती त्याच दिशेने सुमारे पाचपट वाढविली, की ध्रुव सापडतो. शेपटीतील मधला तारा वसिष्ठ. त्याच्या अगदी लगत, चंद्रबिंबाच्या निम्म्या रुंदीपेक्षाही थोड्या कमी अंतरावर, एक बारीक तारा आहे. तीच अरुंधती.

ताऱ्यांच्या तेजावरून त्यांच्या प्रती ठरविल्या जातात. पहिल्या प्रतीचे तारे सर्वांत ठळक आणि सहाव्या प्रतीचे नुसत्या डोळ्यांस जेमतेम दिसणारे. वसिष्ठ दुसऱ्या प्रतीचा आहे, तर अरुंधती चौथ्या प्रतीची. दिव्यांनी उजळलेल्या शहराच्या आकाशात तिसऱ्या-साडेतिसऱ्या प्रतीच्या पलीकडचे तारे बहुधा लोपतात. म्हणजे वसिष्ठ दिसावा आणि अरुंधती दिसू नये, अशी स्थिती येते. प्रपंचात ज्यांची जोडी आदर्श म्हणून दाखवावयाची, त्यांपैकी एकच उरतो.

आपल्या शास्त्रकारांनी या बारीक ताऱ्यावरून एक न्याय सांगितला आहे. सूक्ष्म वस्तू एकदम दाखविता येत नाही. म्हणून आधी जवळची मोठी वस्तू दाखवावी, तिच्यावर दृष्टी स्थिर झाली म्हणजे मग लगतच्या सूक्ष्म वस्तूकडे बोट करावे. यास अरुंधतीदर्शनन्याय म्हणतात. देहापासून आत्म्यापर्यंत शिष्यास पायरीपायरीने कसे न्यावे, हे सांगताना वेदान्ताचार्य याच न्यायाचा आधार घेतात. दृष्टान्त जिवंत राहण्यास तो तारा दिसला पाहिजे, हे उघड आहे. ज्याने अरुंधती कधी पाहिलीच नाही, त्यास हा न्याय पाठ होईल. उमजेल असे नव्हे.

आधुनिक ज्योतिषानेही या जोडीकडे आदराने पाहिले आहे. वसिष्ठ व अरुंधती आपल्यापासून सुमारे ८० प्रकाशवर्षे दूर आहेत. आज डोळ्यांत शिरणारा त्यांचा प्रकाश निघाला, तेव्हा आपल्यातील कित्येकांचे आजोबा तरुण होते. दुर्बिणीतून पाहता वसिष्ठ हा एक तारा नसून दोन आहेत, आणि प्रकाशाचे पृथक्करण केल्यावर त्या प्रत्येकाचेही दोन दोन ठरतात. अरुंधतीसही एक मंद सोबती आहे, हे २००९ साली कळून आले. अशा रीतीने नुसत्या डोळ्यांस दोन वाटणारे हे कुटुंब सहा जणांचे आहे.

आता एक व्यावहारिक सूचना. सप्तर्षी बाराही महिने संध्याकाळी दिसत नाहीत. वैशाखात रात्री साडेआठच्या सुमारास ते उत्तरेस चांगले उंच असतात. परंतु मार्गशीर्षातील लग्नाच्या वेळी ते क्षितिजाखाली असतात व मध्यरात्रीनंतर ईशान्येस उगवतात. तेव्हा हिवाळ्यातील वधूवरांनी पहाटे उठून अरुंधती पाहावी. त्यात विधीचा भंग नसून विधीचा आदरच आहे.

काळोखाने दिलेले ज्ञान

आपला धर्म दिनमानाने चालतो तसा रात्रीनेही चालतो. महिन्यांची नावेच पाहा. पौर्णिमेचा चंद्र चित्रा नक्षत्राजवळ येतो तो चैत्र, विशाखेजवळ येतो तो वैशाख, कृत्तिकांजवळ येतो तो कार्तिक, मृगशीर्षाजवळ येतो तो मार्गशीर्ष. ही नावे आकाशाकडे पाहणाऱ्यांनी ठेवलेली आहेत. शेतकरी जूनच्या पहिल्या आठवड्याअखेर "मृग लागला" असे म्हणतो, त्याचा अर्थ सूर्य मृगात आला. आणि म्हणूनच त्या दिवसांत मृग रात्री दिसत नाही. जे दिसत नाही तेही कोठे आहे हे ज्याला सांगता येते, त्याने वर्षभर आकाश पाहिलेले असते.

शतपथ ब्राह्मणात कृत्तिका पूर्व दिशेपासून ढळत नाहीत अशा अर्थाचा उल्लेख आहे. मुरूडचे शंकर बाळकृष्ण दीक्षित यांनी या एका उल्लेखावरून गणित केले. पृथ्वीचा आस भोवऱ्यासारखा हळूहळू फिरतो व सुमारे २६ हजार वर्षांत एक फेरा पूर्ण करतो. त्यामुळे नक्षत्रांची उगवण्याची जागाही बदलत जाते. कृत्तिका बरोबर पूर्वेस केव्हा उगवत असतील, हे काढता दीक्षितांना इसवी सनापूर्वी सुमारे ३००० वर्षे हा काळ मिळाला. त्यांचा 'भारतीय ज्योतिषशास्त्र' हा ग्रंथ १८९६ साली प्रसिद्ध झाला. त्याआधी, १८९३ साली, लोकमान्य टिळकांनी मृगशीर्षाच्या आधारे वेदकालाविषयी आपला ग्रंथ लिहिला होता. ही सारी इमारत ज्या निरीक्षणावर उभी आहे, ते कोणा अनामिक ऋषीने कोणतेही यंत्र न घेता केले. त्याच्यापाशी दोन साधने होती : धीर आणि काळोख.

ध्रुवही याच गतीमुळे पूर्णपणे अढळ नाही. आजचा ध्रुवतारा खऱ्या ध्रुवबिंदूपासून एका अंशाहून कमी, परंतु काही अंतरावर आहे, आणि पाच हजार वर्षांपूर्वी त्या स्थानाजवळ दुसराच तारा होता. म्हणजे अढळपद आहे, पण त्यावर बसणारा पालटतो. भाविकाने यात खेद मानू नये. पदाचे महत्त्व व्यक्तीहून मोठे असते, हा धडा त्यातून घ्यावा.

आपल्या या किनाऱ्याचाही ताऱ्यांशी जुना संबंध आहे. हजिऱ्याजवळच्या सुवालीच्या बंदरात सतराव्या शतकात सुरतेची मोठी जहाजे नांगर टाकीत. अरबी समुद्रातून येणारे मालम, म्हणजे तारवांचे वाटाडे, ध्रुवाची उंची मोजून आपण किती उत्तरेस आलो हे ठरवीत. एक लहान फळी आणि तिला गाठी मारलेली दोरी, इतकेच त्यांचे यंत्र होते. दोरी दातांत धरायची, फळीची खालची कड क्षितिजाला आणि वरची ध्रुवाला लावायची, आणि गाठ पाहायची. ध्रुवाची उंची म्हणजेच त्या स्थळाचा अक्षांश. हजिऱ्यास ती सुमारे २१ अंश भरते. हात लांब करून मूठ धरली तर एक मूठ सुमारे १० अंश होते, म्हणजे क्षितिजापासून दोन मुठींवर आपला ध्रुव आहे. घरातील मुलांकडून हे मोजून घ्यावे.

आकाश का हरपले?

तारे गेलेले नाहीत. त्यांच्यावर पडदा आला आहे. दिव्याचा जो प्रकाश जमिनीवर पडतो तो आपल्या उपयोगी. जो बाजूस व वर जातो, तो हवेचे कण, धूळ व बाष्प यांवर आदळून विखुरतो आणि सबंध आकाशाला उजळ रंग चढवितो. त्या उजेडात मंद तारे बुडून जातात. निळसर प्रकाश अधिक विखुरतो, म्हणून आजचे शुभ्र-निळसर दिवे पूर्वीच्या पिवळ्या दिव्यांहून आकाशास अधिक बाधक ठरतात. समुद्रकाठची दमट हवा त्यात भर घालते.

हजिऱ्यात १९८० च्या दशकापासून वायू, खत, पोलाद यांचे मोठे कारखाने व पुढे बंदरे उभी राहिली. आपल्यातील बहुतेक कुटुंबे त्यांच्यामुळेच येथे आली आणि त्यांच्यावरच जगतात. रात्रपाळीस जाणाऱ्या माणसाच्या वाटेवर दिवा हवाच. तेव्हा येथे कोणास दोष देण्याचा प्रश्न नाही. परंतु जे घडले ते समजून घेणे आवश्यक आहे, कारण ते येथेच घडले असे नाही. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या जागतिक नकाशावरून असे दिसले, की मानवजातीच्या एक तृतीयांशाहून अधिक लोकांना आकाशगंगा दिसेनाशी झाली आहे. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या दुसऱ्या अभ्यासात, बारा वर्षे हजारो सामान्य निरीक्षकांनी केलेल्या नोंदींवरून, आकाशाचा हा उजेड दर वर्षी सरासरी ९ ते १० टक्क्यांनी वाढत असल्याचे आढळले. ज्या ठिकाणी मूल जन्मते तेव्हा २५० तारे दिसतात, तेथे ते अठरा वर्षांचे होईपर्यंत सुमारे १०० च उरतात, असा त्याचा अर्थ.

याउलट खऱ्या काळोख्या जागी, चंद्र नसताना, नुसत्या डोळ्यांस एका वेळी दोन ते अडीच हजार तारे दिसतात. आकाशगंगा ढगासारखी स्पष्ट उमटते. देवयानी नक्षत्रातील दीर्घिका एखाद्या पुसट डागासारखी दिसते. तिचा प्रकाश निघून सुमारे २५ लक्ष वर्षे झाली. इतक्या दूरचे काही डोळ्यांनी पाहता येते, हे ज्याने अनुभवले त्याला नम्रता शिकवावी लागत नाही.

एकच आकाश, दोन रात्री

येथे एक गोष्ट ध्यानी घेण्यासारखी आहे. हजिऱ्याचा व नागपूरचा अक्षांश जवळजवळ एकच आहे. नागपूरच्या उत्तरेस पेंचचे व्याघ्रवन आहे. तेथील ध्रुव आपल्या ध्रुवाइतकाच उंच, तेथील सप्तर्षी आपल्याच मार्गाने फिरणारे. या वनाच्या महाराष्ट्रातील भागास जानेवारी २०२४ मध्ये आंतरराष्ट्रीय संस्थेकडून काळोख्या आकाशाचे उद्यान म्हणून मान्यता मिळाली. असा मान मिळालेले ते भारतातील पहिले उद्यान. त्यासाठी तेथे पर्वत उचलावे लागले नाहीत. वनाच्या कडेच्या गावांतील शंभराहून अधिक दिवे बदलून त्यांचा प्रकाश फक्त जमिनीवर पडेल अशी व्यवस्था केली, आणि आकाश पाहण्यासाठी दुर्बिणीची सोय केली. त्याआधी, डिसेंबर २०२२ मध्ये, लडाखातील हानले येथे काळोख्या आकाशाचे राखीव क्षेत्र अधिसूचित झाले होते. तात्पर्य, अंधार हाही जपता येतो, आणि गावकरी तो जपू शकतात.

आपल्यासाठी पेंच दूर आहे. डांग जवळ आहे. आपल्यातील अनेक कुटुंबे वणीच्या सप्तशृंगीच्या दर्शनास वघई-सापुताऱ्याच्या वाटेने जातात. चैत्र पौर्णिमेच्या यात्रेत रात्रभर चांदणे असल्याने तारे फारसे दिसत नाहीत. परंतु तीच यात्रा हिवाळ्यात अमावास्येच्या सुमारास केली आणि सापुताऱ्यास किंवा आसपास मुक्काम केला, तर वस्तीच्या दिव्यांपासून थोडे दूर होताच जे आकाश दिसते, ते मुलांनी एकदा तरी पाहावे. मुक्काम परवानगीच्या जागीच करावा. जंगलातील रस्त्यावर गाडी उभी करून थांबू नये.

जवळचे स्थळ म्हणून सुवालीचा किनारा सुचतो. पश्चिमेस समुद्र असल्याने त्या बाजूचे आकाश तुलनेने काळे असते. मात्र एक सावधगिरी अवश्य पाळावी. तारे पाहण्यास अमावास्या उत्तम, आणि समुद्रास उधाण येते तेही अमावास्येच्याच सुमारास. खंभातच्या आखातातील भरती-ओहोटी देशात सर्वांत मोठी. म्हणून भरतीची वेळ पाहूनच जावे, कोरड्या उंच जागी बसावे, आणि पाण्यात कोणीही उतरू नये.

पाहण्याची रीत

दिव्यातून अंधारात आल्यावर डोळ्यांस पूर्ण सवय होण्यास वीस ते तीस मिनिटे लागतात. या काळात धीर सोडू नये. एकदा जरी दूरध्वनीचा पांढरा पडदा उघडला, तरी सारी तयारी वाया जाते. प्रकाश लागलाच तर विजेरीस लाल कागद लावून वापरावा. मंद तारा सरळ रोखून पाहिला तर हरवतो. किंचित बाजूस नजर ठेवली तर उमटतो. सतरंजीवर उताणे निजून पाहिल्यास मान अवघडत नाही. दुर्बीण नसली तरी चालते.

पहिल्या पाठासाठी फाल्गुन अमावास्येची रात्र, म्हणजे गुढीपाडव्याची पूर्वरात्र, अत्यंत सोयीची आहे. रात्री नऊच्या सुमारास पश्चिमेस कृत्तिकांचा पुंजका, त्याच्यावर तांबूस रोहिणी, मग मृग व तेजस्वी व्याध दिसतात. दक्षिणेस थोडे पश्चिमेकडे, क्षितिजापासून एका मुठीवर, अगस्त्य. डोक्यावर पुनर्वसू, त्याच्या पूर्वेस पुष्य, ज्यातील पुसट ढगासारखा ठिपका दिसला तर आकाश चांगले काळोखे आहे असे समजावे. पुढे मघा. ईशान्येस चढत आलेले सप्तर्षी. आणि पूर्व क्षितिजावर नुकतीच उगवलेली चित्रा. पंधरा दिवसांनी पूर्ण चंद्र तिच्याच सान्निध्यात येईल, म्हणूनच उद्यापासून चैत्र. नववर्षाचे नाव आकाशातून वाचण्याची ही संधी आहे.

एक शंका व एक विनंती

कोणी विचारील, आपण अंधाराकडून प्रकाशाकडे नेण्याची प्रार्थना करणारे. मग अंधाराची स्तुती कशासाठी? उत्तर असे, की त्या प्रार्थनेतील अंधार अज्ञानाचा आहे, रात्रीचा नव्हे. ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलात रात्रीचे स्वतंत्र सूक्त असून तेथे ती देवी म्हणून आळविली आहे. आणि ती आपल्या ताऱ्यांच्या तेजानेच काळोख दूर करते अशी ऋषीची भावना आहे. आपण दिवाळीचे दिवे लावतो तेही अमावास्येस. पणतीचा प्रकाश उंबरठा उजळतो, आकाश पुसून टाकीत नाही. अति प्रकाशाने जे दिसते तेही दिसेनासे होते. हेही एक प्रकारचे अज्ञानच नव्हे काय?

आता विनंती. कारखान्याचे दिवे आपल्या हाती नाहीत, मंदिराचे आहेत. आपल्या शिखरावर खालून वर सोडलेले प्रखर दिवे रात्रभर जळतात. त्यांचा बराच प्रकाश शिखरास न लागता सरळ आकाशात जातो. शेजारती होऊन देव निजल्यानंतर ते मालवावेत, आणि प्रवेशद्वार व प्रांगण यांसाठी वरून झाकलेले, खाली प्रकाश टाकणारे पिवळसर दिवे ठेवावेत, असा प्रस्ताव कार्यकारी मंडळाने विचारात घ्यावा. सुरक्षिततेची काळजी रास्त आहे. परंतु डोळ्यांत घुसणाऱ्या दिव्यापेक्षा जमिनीवर पडणाऱ्या दिव्यात राखणदारास अधिक चांगले दिसते. जे सभासद म्हणतील की शिखर दुरून दिसले पाहिजे, त्यांचा भाव मी समजतो. रात्री गाडीतून येताना ते शिखर दिसले की मलाही घर आल्यासारखे वाटते. पण देव निजला असता त्याच्या माथ्यावर दिवा पेटता ठेवण्याची रीत आपल्या कोणत्याच घरात नाही.

एवढ्याने हजिऱ्याचे आकाश पेंचसारखे होणार नाही, हे मान्य आहे. परंतु उत्तरेकडील पायऱ्यांवर थोडा काळोख उतरेल. आणि पुढील वैशाखात एखादी मुलगी वसिष्ठावर दृष्टी स्थिर करून, किंचित बाजूस पाहून, "गुरुजी, दिसली!" असे म्हणू शकेल, ही आशा अगदीच अवास्तव नाही.

मुलांनी घरी करून पाहावे

१. हाताच्या मुठीने ध्रुवाची उंची मोजा. सुटीत गावी गेल्यावर पुन्हा मोजा व फरक लिहून ठेवा.
२. मंदिराच्या अंगणातून कृत्तिकांतील किती तारे दिसतात ते मोजा. काळोख्या जागी सहा-सात दिसतात.
३. येत्या पौर्णिमेस चंद्राजवळचे नक्षत्र कोणते ते पाहा आणि महिन्याच्या नावाशी ताडून पाहा.
४. आजीआजोबांना विचारा : तुमच्या लग्नात अरुंधती दिसली होती काय? त्यांचे उत्तर वहीत टिपून ठेवा.